गेज आर अँड आर आणि बेझियन पद्धत : खान्देशातल्या क्यूसी विभागांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाइप, ठिबक, चटई, डाळ, जिनिंग, ऑटोचे सुटे भाग. जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात माल वेगवेगळा निघतो, पण क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) टेबलावर वाद एकाच गोष्टीवर होतो: हातातल्या रीडिंगवर किती भरवसा ठेवायचा? रीडिंगच्या पसाऱ्यात गेजचा आणि मोजणाऱ्या माणसांचा वाटा किती, हे काढणारा अभ्यास म्हणजे गेज आर अँड आर. खालची उत्तरे ज्यांनी तो निदान एकदा केला आहे त्यांच्यासाठी आहेत. हिशेबाच्या उदाहरणांतले आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, ते कुठल्या कारखान्याचे नाहीत.

आमचा गेज आर अँड आर २८ टक्के आला. ३० च्या आत आहे, मग पास धरायचा ना?

एआयएजी या अमेरिकेतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेच्या एमएसए (मोजमाप प्रणालीचे विश्लेषण) पुस्तिकेची (चौथी आवृत्ती, २०१०) पट्टी सगळ्यांना पाठ असते. १० टक्क्यांच्या आत चांगले, १० ते ३० परिस्थिती पाहून चालवून घ्यायचे, ३० च्या वर नको. पट्टीबद्दल तक्रार नाही. पण २८ हा आकडा आला कुठून? १० जॉब (मोजायचे नग), ३ ऑपरेटर, २ फेऱ्या, अशा ६० रीडिंगवरून काढलेला तो अंदाज आहे. उद्या दुसरे १० जॉब उचलले आणि रात्रपाळीची तीन माणसे बसवली, तर त्याच गेजवर २२ येईल किंवा ३५ येईल.

हिशेब करून पाहू. पाइपच्या भिंतीची जाडी मोजतो आहोत. त्याच माणसाने तोच पाइप पुन्हा मोजला तर पडणारा फरक, म्हणजे रिपीटॅबिलिटी, ०.०२० मिमी. माणसामाणसातला फरक, म्हणजे रिप्रोड्युसिबिलिटी, ०.०१२ मिमी. पाइपापाइपातला खरा फरक ०.०८० मिमी. तिन्ही आकडे प्रमाण विचलनाचे, म्हणजे पसाऱ्याच्या मापाचे. पहिल्या दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की गेजचा वाटा ०.०२३ येतो. त्यात पाइपांचा फरक तसाच मिळवला की एकूण ०.०८३. भागाकार २८ टक्के.

आता तीच ६० रीडिंग बेझियन पद्धतीने सोडवली आणि प्रायर (रीडिंगच्या आधीची माहिती) अगदी सैल ठेवला, तर चित्र असे निघते: खरा टक्का सतरा-अठरापासून पन्नासच्याही पुढे कुठेही असू शकतो, आणि तो ३० च्या वर असण्याची शक्यता शंभरात चाळीस ते पन्नास. रिपोर्टवर 'पास' लिहिले, पण प्रत्यक्षात जवळजवळ नाणेफेक झाली.

जाता जाता एक. याच रिपोर्टमध्ये एनडीसी, म्हणजे गेजला वेगळे ओळखता येणाऱ्या गटांची संख्या, ४.८ येतो, अपूर्णांक सोडून ४. पुस्तिकेला ५ हवेत. एनडीसी ५ येण्यासाठी टक्का साधारण २७ पर्यंत खाली यावा लागतो. म्हणजे २८ टक्केवाला गेज एका निकषावर तरतो आणि दुसऱ्यावर बुडतो. दोन्ही आकडे रिपोर्टच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत छापलेले असल्याने ते शेजारी ठेवून कुणी बघत नाही.

बेझियन पद्धतीत नेमके होते काय? सूत्रे नकोत.

गृहीतक अनोव्हाचेच (आर अँड आरच्या नेहमीच्या हिशेबाचेच) आहे. प्रत्येक रीडिंग म्हणजे एकूण सरासरी, अधिक त्या जॉबचा वाटा, अधिक ऑपरेटरचा वाटा, अधिक त्या ऑपरेटरची त्याच जॉबशी होणारी खटपट, अधिक उरलेला किरकोळ फरक. अनोव्हा यातल्या प्रत्येक वाट्याचा एकेक आकडा काढून थांबतो.

बेझियन पद्धतीत आधी काय माहीत आहे ते मांडतात, तो प्रायर. मग संगणक रीडिंगशी आणि त्या आधीच्या माहितीशी जुळतील अशा वाट्यांचे हजारो संच तयार करतो, तो पोस्टेरियर. प्रत्येक संचातून गेज आर अँड आरचा टक्का काढायचा. ८,००० संच असतील आणि त्यातल्या ३,५०० मध्ये टक्का ३० च्या वर गेला, तर शक्यता सुमारे ४४ टक्के. शाळेतली मोजणी आहे, अवघड भाग संच तयार करण्याचा आणि तो संगणकावर सोपवलेला.

मालकाला हेच उत्तर हवे असते. 'विश्वास अंतराल अमुक ते तमुक' म्हटल्यावर समोरचा गप्प बसतो. 'गेज निकामी असण्याची शक्यता शंभरात पंचेचाळीस आहे, नवा मायक्रोमीटर घ्यायचा का?' म्हटल्यावर बोलणे सुरू होते.

तीन ऑपरेटर पुरतात असे सगळीकडे लिहिलेले आहे. मग अडते कुठे?

तिथेच. तीन माणसांवरून माणसामाणसातला फरक काढायचा तर हाती दोनच स्वातंत्र्यकोटी (फरक काढायला उरलेले स्वतंत्र आकडे) राहतात. दोन स्वातंत्र्यकोटींवर प्रमाण विचलनाचा ९५ टक्के पल्ला काढा: मिळालेल्या आकड्याच्या ०.५२ पटीपासून ६.३ पटीपर्यंत. वरच्या उदाहरणातला ०.०१२ मिमी म्हणजे खरे तर '०.००६ ते ०.०७५ यातले काहीतरी'. वरचे टोक खरे निघाले तर माणसामाणसातला फरक पाइपांच्या फरकाएवढाच झाला.

रिपीटॅबिलिटीची गोष्ट वेगळी. १० जॉब, ३ माणसे, २ फेऱ्या यात ३० स्वातंत्र्यकोटी मिळतात आणि पल्ला ०.८० ते १.३४ पट एवढाच राहतो. तिसरी फेरी घेतली तर ६०, पल्ला ०.८५ ते १.२२. म्हणजे तिसऱ्या फेरीसाठी जी तीस रीडिंग घेतली त्यांनी आधीच बरा असलेला आकडा आणखी थोडा बरा केला, आणि जो आकडा लुळा होता तो तसाच राहिला. त्याऐवजी साठ रीडिंग घालून आणखी तीन माणसे बसवली असती तर माणसामाणसातल्या फरकाचा पल्ला ०.६२ ते २.४५ पटीवर आला असता. फेऱ्या दोनच ठेवा, माणसे वाढवा. हा सल्ला बेझियन पद्धत न वापरणाऱ्यालाही लागू आहे.

जॉब दहाच असतात, त्यांच्या नऊ स्वातंत्र्यकोटी, पल्ला ०.६९ ते १.८३. टक्का काढताना छेदात हाच फरक बसतो, त्यामुळे निवडलेले दहा पाइप एकाच तासाच्या उत्पादनातले असतील तर छेद लहान होतो आणि चांगला गेजही नापास दिसतो. उलट कुणी मुद्दाम शोधून सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ पाइप आणले की भंगार गेजही पास होतो. हा दुसरा प्रकार ऑडिटच्या आदल्या आठवड्यात जास्त घडतो, एवढेच म्हणतो.

बेझियन केले की तीन ऑपरेटरची माहिती सहा माणसांएवढी होते का?

नाही. रीडिंग तेवढीच राहतात. पद्धत फक्त दोन गोष्टी करते: किती माहीत नाही ते झाकत नाही, आणि रीडिंगच्या बाहेर जी माहिती तुमच्याकडे आधीच पडून आहे ती हिशेबात घेऊ देते.

आमच्या रिपोर्टमध्ये ऑपरेटरचा फरक शून्य आला. चांगलेच झाले ना?

अनोव्हात ऑपरेटरचा वाटा वजाबाकीने निघतो. वजाबाकी कधी उणे येते. प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) उणे असू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिथे गुपचूप शून्य लिहिते. त्या शून्याचा अर्थ 'तिघेही सारखेच मोजतात' असा लावला जातो, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षणाचा खर्च कापला जातो.

बेझियन उत्तरात तिथे शून्याजवळ जमलेला ढीग दिसतो आणि उजवीकडे गेलेली शेपटी दिसते. शेपटी ०.०१ मिमीपाशी संपली तर खरेच काळजी नाही. ती ०.०४ पर्यंत गेली, तर त्या शून्यावर बेत आखू नका.

प्रायर म्हणजे मनाला येईल तो आकडा. त्याला शास्त्र कसे म्हणायचे?

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत रास्त प्रश्न हा आहे.

भरिताची वांगी घेणारा माणूस आधी हातावर तोलतो, मग काट्यावर टाकतो. हाताला दोन किलो वाटले आणि काट्याने पाच दाखवले, तर तो काट्याखाली काय अडकले ते बघतो. हाताचा अंदाज कच्चा असतो, पण फुकट नसतो. ०.०२ मिमी लीस्ट काऊंटच्या व्हर्नियरवर हात बसलेल्या माणसाची रिपीटॅबिलिटी अर्धा मिलिमीटर नसते, हे एकही रीडिंग घेण्याआधी माहीत आहे. ते कागदावर लिहिणे म्हणजे प्रायर.

गैरवापराची जागा मात्र आहे आणि ती ओळखून ठेवावी. रीडिंग पाहून झाल्यावर, टक्का ३० च्या आत यावा म्हणून प्रायर अरुंद केला, तर ती सरळ लबाडी आहे. म्हणून नियम तीन. प्रायर अभ्यासाआधी लिहून त्यावर तारीख टाका. तो कुठून आला ते एका ओळीत नोंदवा. आणि निकाल तीन प्रायरवर काढा: एक तुमचा, एक त्याहून दुप्पट सैल, एक त्याच्या निम्मा. तिन्हीत निर्णय तोच राहिला तर प्रायरवर भांडण्यात अर्थ नाही. निर्णय बदलला तर तेही उत्तरच आहे: तुमची रीडिंग अपुरी आहेत, माणसे वाढवा.

मग प्रायर आणायचा कुठून?

कपाटातून. बहुतेक कारखान्यांत गेली पाच-सात वर्षे दरवर्षी प्रत्येक गेजचा आर अँड आर होतो, फाइल ऑडिटरला दाखवली जाते आणि परत ठेवली जाते. पुढच्या वर्षी त्याच व्हर्नियरचा, त्याच माणसांचा अभ्यास जणू काही माहीतच नाही अशा थाटात कोऱ्या पानावर सुरू होतो. माझ्या मते लहान कारखान्यासाठी बेझियन पद्धतीचे मुख्य कारण हेच आहे: मोजलेले वाया जात नाही.

एकाच जातीचे दहा-बारा व्हर्नियर असतील तर आणखी चांगले. सगळ्यांचे अभ्यास एकाच मॉडेलमध्ये एकत्र घालता येतात. मॉडेल गृहीत धरते की हे सगळे गेज भावंडे आहेत, अगदी सारखे नाहीत पण परकेही नाहीत. ज्या गेजवर रीडिंग कमी आहेत त्याचा अंदाज भावंडांच्या सरासरीकडे थोडा ओढला जातो, ज्यावर भरपूर आहेत तो आपल्या जागी राहतो. किती ओढायचे ते रीडिंगच ठरवतात.

जुनी फाइलच नसेल तर लीस्ट काऊंट आणि टॉलरन्स पाहून सैल प्रायर घ्या. ऑपरेटरच्या प्रमाण विचलनासाठी अर्धा नॉर्मल किंवा अर्धा टी हे आकार (घंटेसारख्या वक्राचा शून्याच्या उजवीकडचा अर्धा भाग) चालतात. वरच्या उदाहरणात ०.०२ मिमी विस्ताराचा अर्धा नॉर्मल घेतला, तर ०.०७५ पर्यंत ताणलेली शेपटी बरीच आखडते. जुन्या पुस्तकांत व्यस्त गॅमा आणि त्यात ०.००१, ०.००१ असे दोन आकडे दिसतील. तो 'काहीच न सांगणारा' प्रायर समजला जाई. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी २००६ मध्ये दाखवले की गट थोडे असताना आणि त्यांच्यातला फरक लहान असताना तो बरेच काही सांगतो, आणि चुकीचे सांगतो. तीन ऑपरेटर म्हणजे नेमकी तीच परिस्थिती. तो वापरू नका.

जानेवारीत पास झालेला गेज मे महिन्यात नापास होतो. गेज बिघडला का?

बहुधा गेज ठीक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये विचारूच नका. पीव्हीसी दर अंशाला साधारण एक लाखात सात भाग प्रसरण पावते. ६३ मिमी व्यासाचा पाइप २७ अंशांवरून ४४ वर गेला तर व्यास सुमारे ०.०७५ मिमी वाढतो. व्यास मोजणारी पोलादी पाय (π) टेपही तापते, पण पोलाद पीव्हीसीच्या सहाव्या हिश्श्यानेच वाढते, म्हणून ती भरपाई ०.०१२ मिमीची. निव्वळ फरक ०.०६ मिमी. वरच्या उदाहरणातल्या रिपीटॅबिलिटीच्या तिप्पट. भारतीय प्रमाणांत चाचणीचे तापमान २७ अंश धरतात, २० नव्हे, हे आपल्या हवामानाला धरूनच आहे, पण खान्देशचा मे महिना त्यातही मावत नाही.

आता आर अँड आरचा नेहमीचा अभ्यास एका सकाळी, एका टेबलावर, दोन-तीन तासांत आटोपतो. त्यात तापमानाचा फरक येतच नाही. अभ्यास सांगतो गेज उत्तम आहे, आणि ते खरेही असते, त्या सकाळपुरते. दुपारी तीन वाजता लाइनवरून नुकताच उतरलेला कोमट पाइप हातात आला की तो अभ्यास लागू होत नाही.

उपाय म्हणजे मॉडेलमध्ये 'दिवस' नावाचा आणखी एक वाटा घालायचा आणि रीडिंग वेगवेगळ्या दिवशी, सकाळ-दुपार अशी विखरून घ्यायची. चार-पाच दिवसांवरून दिवसांमधला फरक काढताना ऑपरेटरवाली तीच अडचण येते: स्वातंत्र्यकोटी कमी. पण इथे प्रायर कपाटातून आणायचीही गरज नाही, तो पदार्थविज्ञानातून येतो. पीव्हीसी किती वाढते ते माहीत आहे, शेडमधले तापमान किती हलते ते भिंतीवरच्या थर्मामीटरवर दिसते, दोन्हींचा गुणाकार म्हणजे दिवसाच्या वाट्याचा प्रायर. त्याहून चांगले, प्रत्येक रीडिंगसोबत तापमान लिहा आणि मॉडेलला दुरुस्ती करू द्या. आणि सर्वांत स्वस्त: पाइप मोजण्याआधी खोलीत निवू द्या. संख्याशास्त्राच्या आधी पंखा.

कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे. तेवढे पुरत नाही का?

एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेने तुमचा मायक्रोमीटर स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यांवर), नियंत्रित तापमानात, सरावलेल्या हाताने तपासला आणि तो खऱ्या आकड्यापासून किती हटलेला आहे ते लिहून दिले. तुमच्या शेडमध्ये तुमची माणसे तुमच्या पाइपवर तो किती पसरट मोजतात, हे त्या कागदात नाही. सर्टिफिकेट सरासरीच्या चुकीबद्दल बोलते, आर अँड आर विखुरण्याबद्दल.

जिनिंगला कापूस घेताना ओलाव्यावरून रोज भांडण होते. मीटरच्या एका रीडिंगवर गाडी परत पाठवणे योग्य आहे का?

'तुना आकडा खरा का मना?' (तुझा आकडा खरा की माझा?) हे वाक्य हंगामात जिनिंगच्या फाटकावर रोज ऐकू येते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलावा आधार धरतात, त्यापुढे १२ पर्यंत भावात कपात होते, १२ च्या वर माल नाकारला जातो. समजा मीटरने १२.३ दाखवले. गाडी परत?

मीटरचा स्वतःचा आणि गाडीतल्या जागेजागेचा मिळून फरक ०.८ टक्के आहे असे धरू (प्रमाण विचलन). त्या आठवड्यात येणाऱ्या कापसाचा खरा ओलावा सरासरी १० आणि पसारा १.५ आहे असेही धरू. बेझियन हिशेबाने या गाडीचा खरा ओलावा सरासरी ११.८ च्या जवळ येतो, पसारा ०.७. तो १२ च्या वर असण्याची शक्यता शंभरात ३८. मीटर १२ च्या वर दाखवतो आहे, आणि तरी माल हद्दीत असण्याचीच शक्यता जास्त आहे. कारण साधे आहे: १२ च्या वरच्या गाड्या मुळात कमी येतात, म्हणून १२.३ दाखवणाऱ्यांत मीटरने वर फेकलेल्या गाड्यांचा भरणा जास्त असतो.

त्याच गाडीत तीन वेगवेगळ्या जागी मीटर खुपसला आणि सरासरी पुन्हा १२.३ च आली, तर शक्यता ५९ वर जाते. आता नाकारण्याला आधार आहे. तिसरे रीडिंग घ्यायला मिनिट लागत नाही.

इथे एक गोष्ट मला खटकते आणि ती लपवायची नाही. इतर शेतकऱ्यांच्या कापसावरून या शेतकऱ्याचा कापूस जोखणे हिशेबाला बरोबर असले तरी न्यायाला कायम बरोबर असतेच असे नाही. पाऊस होऊन गेलेल्या आठवड्यात सरासरी वर सरकते आणि ज्याने माल ताडपत्रीखाली नीट वाळवला त्यालाही त्या सरासरीचा भुर्दंड बसतो. म्हणून फाटकावर प्रायरच्या जोरावर निकाल देऊ नये. प्रायर वापरून 'आणखी किती रीडिंग लागतील' ते ठरवावे आणि रीडिंग घ्यावीत. रीडिंग वाढली की प्रायरचा जोर आपोआप ओसरतो.

डाळ मिलमध्ये तूर-हरभऱ्याच्या ओलाव्याला हाच हिशेब लागतो, फक्त हद्दी वेगळ्या.

साठही रीडिंग ०.०२ च्या पटीत आली आणि बरीचशी तंतोतंत सारखी. रिपीटॅबिलिटी शून्य धरू का?

नाही. व्हर्नियर त्यापेक्षा बारीक दाखवूच शकत नाही. २.४२ हे रीडिंग म्हणजे '२.४१ ते २.४३ यांच्यामध्ये कुठेतरी'. बेझियन मॉडेलला रीडिंग असेच, पट्टा म्हणून देता येते. मग सारखी रीडिंग आली तरी रिपीटॅबिलिटी शून्यावर कोसळत नाही. आकडा जवळच्या ०.०२ वर आणण्याचाच वाटा ०.०२ भागिले वर्गमूळ १२, म्हणजे ०.००६ मिमीच्या आसपास असतो. टॉलरन्स लहान असेल तर हा व्हर्नियर बाजूला ठेवून ०.००१ चा मायक्रोमीटर घ्या, मॉडेल कितीही चांगले असले तरी नसलेली रेघ वाचता येत नाही.

गो-नो गो गेज आणि डोळ्यांनी तपासणीचे काय? तिथे आकडाच नसतो.

तिथे तर हिशेब आणखी सोपा. चटईतला दोष ओळखणारी बाई किंवा थ्रेड तपासणारा मुलगा, त्यांच्यासमोर आधीच खराब ठरलेले ३० नग चांगल्या नगांत मिसळून ठेवा. तीसही पकडले. चूक शून्य. रिपोर्टमध्ये '१०० टक्के' लिहायचा मोह होतो. काहीच माहीत नाही अशा सपाट प्रायरने हिशेब केला तर चुकीचे खरे प्रमाण ९५ टक्के शक्यतेने ९.२ टक्क्यांच्या खाली आहे, एवढेच म्हणता येते. म्हणजे दर अकरा खराब नगांत एक निसटत असेल, तरीही या ३० नगांच्या परीक्षेत ते दिसले नसण्याची शक्यता शिल्लक राहते. ग्राहकाला एक टक्क्याच्या आतले प्रमाण लिहून द्यायचे असेल तर ३०० च्या आसपास खराब नग लागतील, तेही एकही न निसटता.

पाइप फोडूनच तपासावा लागतो. तोच पाइप पुन्हा कसा मोजणार?

मोजता येत नाही. एकाच लांबीतून लागून कापलेले तुकडे 'तोच जॉब' म्हणून वापरतात आणि मॉडेल घरट्यासारखे, एकात एक बसवलेले घेतात. तुकड्यातुकड्यातला फरक रिपीटॅबिलिटीत मिसळतो, तो वेगळा काढण्याचा मार्ग फक्त बाहेरच्या माहितीतून, म्हणजे प्रायरमधूनच आहे.

सराफाकडच्या एक्सआरएफ मशीनला हे लागू होते का?

होते, पण अर्धेच. एकाच दागिन्यावर वेगवेगळ्या जागी रीडिंग घेऊन मशीन किती पसरट मोजते ते काढता येईल. मात्र एक्सआरएफ (क्ष-किरणांनी सोन्याची शुद्धता मोजणारे मशीन) पृष्ठभागच बघते. वर मुलामा चांगला असेल तर मशीन प्रत्येक वेळी ९१६ दाखवील, अगदी नेमके आणि अगदी चुकीचे. तिथे भट्टीतला कसच लागतो.

ऑडिटर हे मान्य करेल का?

आयएटीएफ १६९४९ : २०१६ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणाचे कलम ७.१.५.१.१ मोजमाप प्रणालीच्या विश्लेषणाबद्दल आहे. संदर्भ पुस्तिकांतल्या पद्धती वापराव्यात असे ते सांगते, आणि ग्राहकाची मान्यता असेल तर दुसऱ्या पद्धती व निकषही चालतात असेही सांगते. मान्यता लेखी घ्या. ती मिळेपर्यंत नेहमीचा अनोव्हाचा तक्ता तसाच भरा आणि बेझियन निकाल त्याच्या मागे जोडपत्र म्हणून लावा. माझा सल्ला विचाराल तर जोडपत्रात आलेख दोनच ठेवा: टक्क्याचा पसारा आणि त्यावर ३० ची उभी रेघ, आणि तीन प्रायरची तुलना.

सॉफ्टवेअर कोणते? महाग आहे का?

फुकट. आर या भाषेत ब्रम्स नावाचे पॅकेज आहे, ते आतून स्टॅन वापरते. पायथनवाल्यांसाठी पायएमसी. साठ रीडिंगचे मॉडेल साध्या लॅपटॉपवर मिनिटाभरात सुटते. एक्सेलमध्ये हे करण्याच्या भानगडीत पडू नका.

निकाल वापरण्याआधी दोन गोष्टी बघा. आर-हॅट नावाचा आकडा प्रत्येक घटकासाठी १.०१ च्या खाली हवा. आणि 'डायव्हर्जन्स'ची सूचना येता कामा नये. तीन ऑपरेटरवर ती हमखास येते, कारण ऑपरेटरचा फरक शून्याजवळ गेला की संगणकाची वाट अरुंद होते. प्रायर थोडा समजूतदार केला किंवा पावलाची लांबी कमी करणारी सेटिंग वाढवली की बहुतेक वेळा सुटते. सूचना तशीच ठेवून आकडे रिपोर्टमध्ये उतरवू नका.

शिकायला माणूस हवा असेल तर संख्याशास्त्रात एमएस्सी करणारा जवळचा विद्यार्थी गाठा. त्याला प्रकल्प हवा असतो, तुम्हाला हात.

हे बेझ कोण?

इंग्लंडमधले पाद्री थॉमस बेझ. १७६१ मध्ये वारले. त्यांचा निबंध मित्र रिचर्ड प्राइस यांनी १७६३ मध्ये छापवला. पुढचे बरेचसे काम फ्रान्सच्या लाप्लासचे. कारखान्यात वापरण्याजोगी पद्धत व्हायला मात्र संगणकाने नमुने काढण्याची युक्ती रुळावी लागली, आणि ती १९९० नंतरची गोष्ट.

ऑपरेटर अभ्यासाच्या दिवशी जास्तच जपून मोजतात. त्याचे काय करायचे?

रोजच्या कामातूनच रीडिंग घ्या. जॉबवर पुसता येणारा खूण-क्रमांक टाका, क्रम उलटसुलट करा, आणि तोच जॉब दुसऱ्यांदा आला हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. आधीच्या फेरीचा कागद टेबलावर ठेवू नका. आणि निकाल लावताना भिंतीवर नावे चिकटवू नका, तीन माणसांवरच्या अंदाजाने कुणाला 'कच्चा' ठरवता येत नाही हे वर आलेच आहे.

आमच्याकडे एकच माणूस मोजतो. आम्ही काय करावे?

तो माणूस कायम एकच राहणार असेल तर रिप्रोड्युसिबिलिटीचा प्रश्न तुम्हाला नाही. रिपीटॅबिलिटी आणि दिवसाचा वाटा एवढेच काढा, रीडिंग निदान आठ-दहा वेगवेगळ्या दिवसांत विखरून घ्या. तो रजेवर गेला की कोण मोजतो, एवढे मात्र आधी विचारून घ्या. उत्तर 'सुपरवायझर' किंवा 'स्वतः मालक' असे आले, तर तुमच्याकडे ऑपरेटर दोन आहेत, आणि दुसऱ्यालाही अभ्यासाला बसवावे लागेल.